बारीक दळण

"मावशी, इथं ट्रेमध्ये माझी बाटली होती. छोटी. निळ्या टोपणाची."

पद्मजा दारातूनच बोलली. ऑफिसातून पळत आली होती, छाती वरखाली होत होती आणि तोंडभर हसू. तिला एवढं हसताना मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं. मी खल धुवून फडक्यावर पालथा घालत होते.

"होती की," मी म्हटलं. "दळून ठेवलीय. ती बघ, बटर पेपरच्या पुडीत. आणि नुसती डोळ्यानं बघू नको, चिमटीत घेऊन बघ."

ती चिमटीत घेईल, बोटं चोळेल, तिला कणसुद्धा लागणार नाही, आणि मग मी तिच्याकडं न बघता म्हणेन, "काय, भरड आहे का?" एवढं सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं.

तिनं पुडी उलगडली. हात लावला नाही.

"हे काय आहे?"

"तुझंच आहे. काय ठेवलंस ते मी कधी विचारते का? ट्रेमध्ये आलं की दळते."

"सगळं दळलंत?"

"नाही, निम्मं पदराला बांधून ठेवलंय, घरी वानवळा न्यायला!"

एरवी हसली असती. त्या दिवशी ती मशीनच्या कपाटाला पाठ लावून हळूहळू खाली सरकली आणि फरशीवर बसली. पुडी दोन्ही हातांवर तशीच, देवाचा अंगारा धरावा तशी.

"मावशी, बाटलीत कापूस होता ना?"

"असेल. मी काय कापूस दळते?"

ही गोष्ट ब्याऐंशी सालच्या मार्चमधल्या एका शुक्रवारची. आमचं विद्यापीठ गावाबाहेर माळावर, आणि फिजिक्सच्या इमारतीत तळमजल्याच्या टोकाला एक्स-रेची खोली. माझे मालक तिथं अटेंडंट होते. ते गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. माझी शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत, तीही पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की बंद. पण घरात माझ्याखेरीज सात माणसं होती, दोन दीर, दोन जावा, तीन पोरं, आणि सातांपैकी एकाची माझ्या शब्दावर शब्द टाकायची छाती नव्हती. विद्यापीठातही मी तोच कारभार चालवला. चपला बाहेर. चहाचा कप आत आणला तर कपासकट माणूस बाहेर. मोठमोठे एम.एस्सी. झालेले दारात उभे राहून विचारायचे, "मावशी, येऊ का?"

माझी कामं तीन. मशीन चालू असताना तिच्यातून गार पाणी फिरतंय का ते बघायचं. दारावरचा लाल दिवा लागला की कुणाला आत सोडायचं नाही. आणि दळायचं. पदराला एक बिल्ला लावावा लागायचा, अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळायचं. गल्लीतल्या बायकांना वाटायचं मी कुणी साहेबीण आहे. मी कुणाचा गैरसमज काढला नाही.

दळायचं म्हणजे असं. पोरंपोरी भट्टीत नाहीतर नळ्यांत कसले कसले क्षार तयार करायची. ते कुटलेल्या खडीसाखरेसारखे निघायचे. खिडकीखाली एक पांढरा ट्रे होता. त्यात ठेवलेली बाटली मी घ्यायची, माल अकीक दगडाच्या खलात घालायचा आणि मैदा करायचा. तेंडोलकर सर तो मैदा केसाएवढ्या बारीक काचनळीत भरून गोल डब्यात बसवायचे, डब्याच्या आतून फिल्म गुंडाळलेली. चार तास एक्स-रे सोडायचा. फिल्म धुतली की तिच्यावर कमानीसारख्या रेषा दिसायच्या, एकीपुढं एक. त्या रेषा बघून सर सांगायचे, आत काय आहे.

हे कसं होतं ते मला पद्मजानं सांगितलं होतं. पद्मजा उपाध्ये, तासगावची. पीएचडी करत होती, चोवीस-पंचवीसची, हडकुळी, आणि बोलायला तिखट. ती मला आवडायची, हे मी तिला कधी कळू दिलं नाही.

"मावशी, एसटीतून जाताना द्राक्षबाग बघितलीय का?" ती म्हणाली होती. "आधी सगळी गचपणच दिसते. खांब, वेली, काही समजत नाही. मग गाडी जरा पुढं गेली की एकदम ओळ उघडते आणि आरपार दिसतं. परत बंद. परत थोड्या वेळानं दुसरी तिरपी ओळ उघडते. हो का नाही?"

"हो की. मग?"

"खड्यात अणू असेच ओळीनं लावलेले असतात. एक्स-रे आत शिरला की एकेका अणूवर आपटून चहूकडं विखुरतो. पण ओळी असल्यामुळं ठरावीक दिशांनाच तो जोरात बाहेर येतो, बाकी दिशांना एकमेकांना मारून टाकतो. तिथं फिल्मवर ठिपका पडतो. ठिपक्यांवरून आपण उलटं मोजायचं, बाग कशी लावलीय."

"आणि मी दळते तेव्हा?"

"तेव्हा एका बागेच्या लाखो चिमुकल्या बागा होतात, प्रत्येकीचं तोंड वेगळीकडं. मग ठिपके फिरून फिरून त्यांची कडी होतात."

सहा वर्षांत मला कुणी एवढंही सांगितलं नव्हतं. दळ म्हणाले, दळत होते.

तर ती अशी पोरगी. आणि त्या शुक्रवारच्या चार दिवस आधी, सोमवारी, हिनंच सरांसमोर आणि दोन पोरांसमोर फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाली, "सर, रेषा तुटक आलीय. ठिपके ठिपके पडलेत. दळण भरड झालंय."

मी तिथंच उभी होते.

एक पोरगा खुदकन हसला. मग पद्मजाच्या लक्षात आलं असावं, ती सावरून घ्यायला गेली. "मावशींचाही हात थकत असेल हो. वय झालं."

मी सत्तेचाळीस वर्षांची होते. रोज पहाटे आठ माणसांच्या भाकरी थापून येत होते. ती नुसतं भरड म्हणाली असती तर मी तिला दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. पण दया केली. मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. शुक्रवारी सकाळी ती नाचत आली, "मावशी, निघाला! सदतीस नंबरच्या नळीत! बघा तरी!" मी टेबल पुसत होते. मान वर केली नाही. ओलं फडकं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले.

एवढ्यात ऑफिसातून हाक आली, बंगळूरचा ट्रंककॉल आहे. ती तशीच पळाली. लाइन मधेच तुटली आणि परत लागेपर्यंत दोन तास ती तिथंच अडकली.

आता एक वाजला होता आणि ती फरशीवर बसली होती.

तेंडोलकर सर तास संपवून आले. बाहीवर खडूची पूड. पद्मजाला खाली बसलेली बघून आधी त्यांना वाटलं चक्कर आली. "पाणी द्या हिला," म्हणाले. मग त्यांनी तिच्या हातावरची पुडी बघितली, रिकामी बाटली बघितली, आणि स्टूल ओढून तेही बसले.

"ट्रेमध्ये कुणी ठेवली?"

"मीच, सर. फोन आला म्हणून हातातली खाली ठेवली."

"पण ट्रेमध्ये?"

"टेबल सगळं ओलं होतं."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "अनसूयाबाई, तुमच्या काही लक्षात नाही आलं?"

"सर, नियम तुम्ही घालून दिलाय. ट्रेमधलं दळायचं, बाकी कशाला बोट लावायचं नाही. सहा वर्षांत एकदा तरी चुकले का मी?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमचं बरोबर आहे."

पद्मजा म्हणाली, "मावशींची काहीच चूक नाही, सर."

असं ती म्हणाली नसती तर बरं झालं असतं. भांडली असती तर मला भांडता आलं असतं.

मग ते दोघं बोलत बसले आणि मी खल पुन्हा धुवायला घेतला, आधीच धुतलेला. त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळत गेलं. पदार्थ नवीन होता. त्याच्या आतली बाग अजून जगात कुणी बघितली नव्हती. त्याला लागणारं औषध परदेशातून एका छोट्या बाटलीत आलं होतं, ते संपलं. चाळीस नळ्यांत जेलीसारखा गर भरून चौदा महिने थांबायचं, मग गरात खडे धरतात. एकोणचाळीस नळ्यांत गढूळ निघाले, जुळे निघाले, तडकलेले निघाले. एकीत एक निघाला. साबुदाण्याएवढा, भिजल्या साबुदाण्यासारखा स्वच्छ. आणि ट्रंककॉल काय होता, तर बंगळूरचं मोठं मशीन सोमवार-मंगळवार तिला मिळालं होतं. आठ महिन्यांपूर्वी अर्ज केलेला. उद्या संध्याकाळची गाडी.

"पुडी घेऊन जाते, सर."

"पुडीचं ते काय करणार, पद्मजा? तिथं एकसंध खडा लागतो. पुडीची कडी एकमेकांवर चढतात. ओळखीचा पदार्थ असला तर जुळवून बघता येतो. नव्यातले अणू कुठं बसलेत ते त्यावरून नाही काढता येत, तुला माहीताय."

"पुढचा नंबर?"

"अजून आठ महिने. आणि लावायला तरी काय आहे?"

"माझी फेलोशिप या महिन्यात संपते. घरी अण्णांनी मार्चपर्यंतच सांगितलंय. एप्रिलमध्ये ती मिरजेची माणसं परत मला बघायला येतायत." ती हे असं बोलली, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय. "सर, एखादा कपचा जरी राहिला असता ना—"

"कपचा?" मी मधेच विचारलं. "कपच्यानं काय होतंय?"

सर माझ्याकडं वळले. त्यांना कुणालाही काहीही समजावून सांगायची सवय. "अनसूयाबाई, कपचाच लागतो. आख्खा खडा मशीनवर लावतच नाहीत. त्यातला तिळाच्या चौथ्या हिश्श्याएवढा तुकडा तोडून घेतात. बागेचा एक वाफा घेतला काय आणि आख्खी बाग घेतली काय, ओळी त्याच."

"म्हणजे तोडणारच होता?"

"हो. तिथं गेल्यावर."

माझ्या हातातून खलाचा बत्ता निसटून बेसिनमध्ये पडला. अकीक फुटत नाही. नुसता आवाज झाला.

सर दोन वाजून गेल्यावर उठले. चार वाजेपर्यंत वाट बघतो, मग बंगळूरला तार करून नंबर सोडतो म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. ते गेल्यावर पद्मजा उठली, मायक्रोस्कोपपाशी बसली, आणि काचेच्या पट्टीवर पुडीतली जराशी पूड पसरून सुईच्या टोकानं चाळायला लागली. तेवढी झाली की आणखी जराशी. एक कण. दळायचा राहिलेला एखादा कण, तेवढाच हवा होता तिला.

मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. घड्याळ बघत होते. अडीच झाले. तीन झाले. सगळी पुडी संपली. तिनं ती पुन्हा पहिल्यापासून घेतली.

साडेतीनला तिनं डोळा काढला. डोळ्याभोवती गोल वळ उठला होता.

"मावशी," ती म्हणाली, अगदी हळू. "आजच का हो एवढं बारीक दळलंत? नेहमीसारखं भरड का नाही दळलंत?"

सांगायला तोंड उघडलं होतं. शब्द आले होते, खरंच आले होते. पण तिच्या तोंडचा तो भरड शब्द कानात गेला आणि ते शब्द मी गिळले. "मी दळते ते दळते," मी म्हटलं. "तुझ्या मुहूर्तावर जाडबारीक करायला मी काय गिरणी घातलीय?"

भिंतीच्या मांडणीवरच्या चाळीस नळ्या तिनं एकेक करून उतरवल्या, बेसिनपाशी रांगेनं उभ्या केल्या, आणि पहिली घेऊन पालथी केली. आतला गर सुटेना. तिनं नळाखाली धरून बोटानं ओढून काढला. दुसरी. तिसरी. रडत नव्हती. भांडी घासावीत तशी घासत होती. चौदा महिने रोज सकाळी तिनं त्या नळ्यांना एकदा बघितलं होतं, मी साक्षीला आहे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा यायची. पाचवी. सहावी.

सातव्या नळीला खिडकीतून धुराचा वास आला.

आमच्या इमारतीच्या मागं खड्डा होता. माळीकाका रोज चारच्या सुमाराला बागेतला पाला आणि इमारतीतला केर त्यात टाकून काडी लावायचे. रोज. मला ते वेळापत्रक माझ्या घरच्यासारखं पाठ होतं. तरी मी अडीच वाजल्यापासून तिथं उभी होते.

"पद्मे, नळी ठेव," मी म्हटलं. "चल."

"कुठं?"

"चल म्हणते ना!"

मी पुढं पळाले. त्या वयात, नऊवारीत, व्हरांड्यातून, लेक्चरं चालू असताना. खड्डा धुमसत होता. जाळ मोठा नव्हता, पाला ओलसर होता, पण मधोमध लाल झालं होतं. माळीकाका फावड्यावर रेलून बिडी ओढत होते.

"विझवा!" मी ओरडले. "पाणी मारू नका, माती टाका, हळू टाका! दुपारी माझ्या खोलीची टोपली कुठल्या बाजूला ओतली?"

"आता मी काय टोपलीटोपलीचा हिशेब ठेवतो व्हय, बाई? ह्या अंगाला असंल."

पद्मजा मागून आली. "मावशी, काय आहे? काय टाकलंत?"

मी फावडं हातात घेतलं होतं. तिच्याकडं पाठ करूनच बोलले, तोंड करून बोलायची माझी हिंमत नव्हती.

"एक तुकडा उडाला होता."

"कसला?"

"तुझ्या खड्याचा. खलातून. पहिल्याच दाबाला टच् करून दोन झाला, आणि एक तुकडा उडून खाली गेला. कपाटाच्या पत्र्यावर टिक् वाजला. मग मी झाडून घेतलं."

धूर आमच्या दोघींच्या मधून जात होता. तिला समजायला वेळ लागला नाही. हुशार पोरगी.

"पहिल्याच दाबाला," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे एक तुकडा खलात होता. अर्धा."

"हो."

"आणि तुम्हाला आवाज आला होता."

"आला होता."

सहा वर्षं मी दळत होते. दळायचा माल करकरतो. टच् होत नाही. आणि दळायचा माल कापसात गुंडाळून कुणी देत नाही. मी टोपण उघडलं, कापूस बाजूला केला आणि तो एकटा दाणा बघितला, तेव्हाच मला कळलं होतं की हे वेगळं आहे. मनात म्हटलं, चाळीस नळ्या आहेत तिच्या, एक गेला म्हणून काय मरत नाही. बघू दे माझा हात थकलाय का. मग टच् झालं. तिथं थांबायचं होतं. पण अर्धवट मोडलेला खडा दिसला असता तर कुणीतरी विचारलं असतं, अनसूयाबाई, हा का मोडला? पूर्ण दळलेल्याला कुणी काही विचारत नाही. ते काम असतं. म्हणून मी बत्ता फिरवत राहिले. दीड तास. इतकं बारीक मी जन्मात दळलं नव्हतं.

हे सगळं मी तिला बोलले नाही. बोलायची गरज पडली नाही. ती माझ्या हातांकडं बघत होती.

मग ती गुडघ्यावर बसली आणि उघड्या हातांनी राख उपसायला लागली.

मीही बसले. मला चटके बसत होते, तर तिला बसत असतीलच. कागदाचे कोळसे, पाला, खिळे, आणि सगळीकडं चमचमणारं काहीतरी, कारण प्रयोगशाळेच्या केरात काय असतं, तर काच. फुटलेल्या नळ्या, पट्ट्या, चुरा. जे जे चमकलं ते आम्ही माझ्या पदरावर ठेवत गेलो. माळीकाका बिडी विझवून बघत उभे राहिले. "सोनं हाय काय?" म्हणाले.

अकरा तुकडे निघाले. ते पदरात धरून आम्ही खोलीत आलो. तिच्या बोटांना फोड आले होते, म्हणून चिमट्यानं मी एकेक पट्टीवर ठेवत गेले आणि ती मायक्रोस्कोपातून बघत गेली. त्यात खालीवर दोन काळ्या काचा आडव्याउभ्या बसवायची सोय असते. मधे साधी काच ठेवली तर अंधारच राहतो. तिचा तसला खडा ठेवला तर तो उजळतो, फिरवला की विझतो, परत उजळतो. हेही मला तिनंच पूर्वी दाखवलं होतं.

"काच," ती म्हणाली.

मी दुसरा ठेवला.

"काच."

तिसरा, चौथा. सातव्याला ती जरा थांबली, पट्टी फिरवली. "काच," म्हणाली. आठवा, नववा, दहावा, सगळ्या काचा. मी कधी कुणापुढं हात जोडले नव्हते, देवापुढंसुद्धा तोऱ्यातच उभी राहत आले. त्या वेळी अकराव्या तुकड्याला हात जोडले.

ती बराच वेळ बघत राहिली. पट्टी पूर्ण गोल फिरवली. परत एकदा फिरवली.

"अंधार आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात सर आले. हातात तारेचा कागद. आमचे काळे हात, माझा जळका पदर, सगळीकडं पडलेली राख, हे बघून दारातच थबकले. माझ्या खोलीत राख! "हे काय चाललंय? काय शोधत होता?"

मी उठून उभी राहिले. आता सांगायचं, असं ठरवलं होतं. नोकरी जाईल तर जाईल. "सर, मी—"

"काही नाही, सर," पद्मजा म्हणाली. "मला वाटलं बाटलीतल्या कापसाला एखादा कण चिकटला असेल. म्हणून मावशींना घेऊन केर बघत होते. नव्हता. तार पाठवून द्या."

"पद्मे—"

"मावशी, तुम्ही गप्प बसा." माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. मी गप्प बसले.

सर गेले. तिनं हात धुतले, फोडांवर गार पाणी सोडून उभी राहिली थोडा वेळ. मग पिशवी खांद्याला लावली. उरलेल्या नळ्या तशाच होत्या. जाताना मायक्रोस्कोपपाशी थांबली, पुडीतली चिमूट उचलली आणि दोन बोटांत चोळली. फोडांच्या बोटांत.

"बारीक झालंय, मावशी," ती म्हणाली. "एकदम मैदा."

ती गेली. शनिवारी आली नाही, सोमवारी आली नाही. पुढं कळलं, तासगावला एका कॉलेजात शिकवायला लागली. पीएचडी झालीच नाही.

सरांना काही वाया घालवायची सवय नव्हती. आठवड्याभरानं त्यांनी ती पुडी नळीत भरली आणि फिल्म काढली. धुवून उजेडाला धरली आणि मला हाक मारली. "अनसूयाबाई, बघा! आपल्या विभागात अशी फिल्म कधी निघाली नव्हती." केसासारख्या रेषा. एक तुटक नाही, एक ठिपका नाही. त्यांनी ती दोन काचांमध्ये बसवून चौकट केली आणि एक्स-रेच्या खोलीत खिडकीशेजारी लावली. दर वर्षी नवीन पोरं आली की तिच्यापुढं उभी करायचे. "दळण असं हवं. हे अनसूयाबाईंच्या हातचं आहे."

अकरा वर्षं मी रोज सकाळी त्या चौकटीची काच पुसली. सरांना सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं. प्रत्येक वेळी वाटायचं, तिनं मला गप्प बसवलंय, ते मोडायचा हक्क माझा नाही. खरं का खोटं कोण जाणे. सोयीचं होतं, एवढं खरं.

निवृत्त व्हायच्या वर्षी एक पोरगी आली, एम.एस्सी.ची. दोन वेण्या, भित्री. तिला चौकटीपुढं उभं करून सरांचं नेहमीचं बोलून झालं आणि ते गेले. ती माझ्याजवळ येऊन घुटमळली.

"तुम्हीच अनसूयामावशी का? मी तासगावची. आमच्या उपाध्ये मॅडमनी सांगितलंय, दळायला तुमच्याजवळच शिकायचं."

मी खल पुसत होते. तो मी नीट खाली ठेवला.

"आणखी काय म्हणाल्या तुझ्या मॅडम?"

"म्हणाल्या, मावशींना एक विचार. दळताना थांबायचं कधी, ते कसं कळतं?"

खिडकीतून ऊन येऊन त्या फिल्मवर पडलं होतं. सगळ्या रेषा दिसत होत्या.

"बैस," मी म्हटलं. "खल घे मांडीवर. आधी नुसता दाब, फिरवू नको. पहिला आवाज ऐकायचा, पोरी. तो वेगळा वाटला की तिथंच हात काढायचा, आणि ज्याचा माल असेल त्याला हाक मारायची. लगेच. कितीही लाज वाटली तरी."